डोळ्यात रक्त आहे, पण नेमकं कुठे? व्हिट्रियस हेमरेजचं कोडिंग, पायरीपायरीने

आमच्या इंदुरात पेशंट रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी येऊन हिंदीत सांगतो, "मैडम, आंख में खून उतर आया है." हिंदीत हे संतापलेल्या माणसाबद्दलही म्हणतात, त्यामुळे नवीन मुली आधी हसतात. रामबागेतल्या आजी येतात त्या म्हणतात, "डोळ्यात रक्त साकळलंय गं, बघ की." दोघांचंही म्हणणं खरं असतं, पण त्या वाक्यावरून कोड, म्हणजे आजाराचा ठरलेला क्रमांक, लावता येत नाही. बुबुळाशेजारी लालभडक डाग पडलेला आणि नजर शाबूत असलेला माणूस 'डोळ्यात रक्त' म्हणतो. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो पण आतून सगळं धुकं झालंय, असा माणूसही तेच म्हणतो; डोळ्याच्या आतल्या जेलीत रक्त आलेलं असेल तर ते व्हिट्रियस हेमरेज. पहिल्याला डॉक्टर बहुधा घरी पाठवतात, दुसऱ्याला कदाचित ऑपरेशन टेबलवर घेतात.

मी आधी एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड आणि क्लेमचं काम केलं, नंतर विजय नगरच्या एका ऑफिसात रात्रपाळीने अमेरिकन फायलींचं कोडिंग. आता आमच्या मराठी मंडळींतली बी.एस्सी., बी.फार्म. झालेली मुलं विचारायला येतात, आणि अडतात ती बहुतेक याच जागी. म्हणून जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते. कोड मी देवनागरीत लिहिलेत. कॉम्प्युटरवर टाकताना एच, ई, एस, झेड ही रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे, एवढं लक्षात ठेवा.

आधी हातात कोणतं पुस्तक आहे ते बघा

आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या कोडचं पुस्तक, म्हटलं की सगळे एकच वस्तू समजतात. प्रत्यक्षात दोन आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१०, आणि त्यावरून अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेलं आयसीडी-१०-सीएम, जे तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. त्याआधी तिथे नववी आवृत्ती होती आणि व्हिट्रियस हेमरेजचा कोड ३७९.२३ होता. जुन्या फायलीत तो दिसला तर गोंधळू नका.

मूळ पुस्तकात व्हिट्रियस हेमरेज म्हणजे एच४३.१, संपलं. उजवा-डावा नाही. सीएममध्ये तोच कोड चार वाटांनी फुटतो: एच४३.११ उजवा, एच४३.१२ डावा, एच४३.१३ दोन्ही, आणि एच४३.१० म्हणजे कोणता डोळा ते लिहिलेलंच नाही. हा शेवटचा कोड पुस्तकात आहे म्हणून वापरायचा नसतो. डोळ्याच्या डॉक्टरने कोणता डोळा तपासला हे फायलीत कुठेच नाही, असं क्वचितच घडतं. एच४३.१० टाकायला हात गेला तर समजा की फाइल पूर्ण वाचलेली नाही.

आपल्याकडे मेडिक्लेमच्या फॉर्मचा भाग 'ब' हॉस्पिटल भरतं. त्यात मुख्य निदान, जोडनिदान आणि सोबतचे आजार यांसाठी आयसीडी-१० कोडचे रकाने असतात, शस्त्रक्रियेसाठी वेगळे. तिथे कोड मूळ पुस्तकातला लिहा नाहीतर सीएममधला, डोळा कोणता ते शब्दांत लिहायला विसरू नका. आयुष्मान कार्डावरच्या केसमध्ये पैसे ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात, त्यामुळे तिथे कोडवर रक्कम ठरत नाही. पण निदान आणि पॅकेज यांचा मेळ बसला नाही तर प्रश्न येतातच. यापुढे मी मुख्यतः सीएमचे कोड देते, कारण परीक्षा आणि नोकरी दोन्हीकडे तेच विचारतात. मूळ पुस्तक जिथे वेगळं वागतं तिथे सांगेन.

पहिली पायरी: रक्त साठलंय कुठे

डोळा पुढून मागे असा डोक्यात उभा करा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखा नव्हे, बंगल्यासारखा: आधी ओसरी, मग पुढची खोली, मग मोठा दिवाणखाना, मागची भिंत आणि भिंतीमागची पोकळी.

ओसरीवरचं रक्त म्हणजे कंजंक्टायव्हाच्या खालचं, पांढऱ्या भागावरचा लाल डाग. खोकला, उलटी, जड वजन उचलणं, कधी काहीच कारण नाही. दिसायला भयंकर, पण बहुतेकदा आपोआप विरतो. एच११.३१ उजवा, एच११.३२ डावा, एच११.३३ दोन्ही. आजींचं 'साकळलंय' बहुतेक वेळा इथलंच असतं.

पुढची खोली म्हणजे कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) आणि आयरिस (रंगीत पडदा) यांच्यामधली जागा. तिथे रक्त साठलं की हायफिमा. पेशंट बसला की रक्त खाली बसतं आणि पातळीची रेघ दिसते, म्हणून डॉक्टर 'एक मिलिमीटर हायफिमा' असं लिहितात. कोड एच२१.०१, ०२, ०३. पण त्याखालची वगळण्याची टीप वाचा: मार लागून झालेला हायफिमा इथे येत नाही, तो एस०५.१ मध्ये जातो. आणि हायफिमा मार लागूनच जास्त होतो, त्यामुळे एच२१.० लावण्याची वेळ नवशिक्याला वाटते तेवढी येत नाही.

दिवाणखाना म्हणजे व्हिट्रियस. सुमारे चार मिलिलिटरची पारदर्शक जेली, जवळजवळ सगळं पाणीच. त्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ही एक गोष्ट पक्की बसली की अर्धं कोडिंग बसलं. तिथे रक्त दिसतंय म्हणजे ते दुसरीकडून आलंय, रेटिनाच्या, म्हणजे मागच्या पडद्याच्या, फाटलेल्या वाहिनीतून किंवा तिथे उगवलेल्या नव्या, ठिसूळ वाहिन्यांतून. म्हणून एच४३.१ च्या जोडीला बहुतेक वेळा आणखी एक कोड असायला हवा. एकटा एच४३.११ दिसला की मी मुलांना विचारते, "हे रक्त आलं कुठून? फायलीत लिहिलंय का?"

मागची भिंत म्हणजे रेटिना. रेटिनावरचं रक्त एच३५.६१, ६२, ६३. मात्र डॉक्टरने डायबेटिक रेटिनोपथी (डायबेटिसमुळे रेटिनाला झालेला आजार) लिहिली असेल तर रेटिनावरचे ठिपकेदार रक्तस्राव त्या आजाराचाच भाग असतात, त्यांना वेगळा कोड देत नाहीत. भिंतीमागचं रक्त म्हणजे कोरॉइड: साधा रक्तस्राव एच३१.३० च्या घरात, ऑपरेशन चालू असताना एकदम उसळणारा एक्सपल्सिव्ह एच३१.३१ मध्ये, कोरॉइड सुटून खाली रक्त साठलं तर एच३१.४१ मध्ये. डोळ्याच्या खोबणीतलं रक्त एच०५.२३ मध्ये. हे क्वचित येतात, तेव्हा पुस्तक उघडून बघा, पाठ करत बसू नका.

आणखी एक शब्द फसवतो: हीमॉफ्थॅल्मॉस. अनुक्रमणिकेत 'हेमरेज, ग्लोब' शोधलं की ती तुम्हाला याच शब्दाकडे पाठवते आणि कोड निघतो एच४४.८११ किंवा ८१२. अख्ख्या डोळ्यात रक्त भरलंय अशा अर्थाचा हा कोड. 'डोळ्याच्या आत रक्त' असं वाचून मुलं हाच उचलतात. डॉक्टरने व्हिट्रियस हा शब्द लिहिला असेल तर तुमचा रस्ता व्हिट्रियसचाच, ग्लोबचा नाही.

दुसरी पायरी: कोणता डोळा

ही पायरी वाचून तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचं? मी इथेच आपटले होते. पहिल्याच वर्षी, रंगपंचमीच्या सुमारास, सर्जनने कागदावर दोन गोल काढून एकात लाल पेनाने रेघोट्या मारल्या होत्या. रंगवलेला गोल कागदाच्या डाव्या बाजूला होता. मी डावा डोळा धरला आणि फॉर्म भरला. डॉक्टर पेशंटच्या समोर बसून काढतात तसं चित्र काढतात, म्हणजे कागदाच्या डाव्या बाजूला पेशंटचा उजवा डोळा. बी-स्कॅनच्या (डोळ्याच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर स्वच्छ 'उजवा' छापलेलं होतं. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी आली. पेशंटचा मुलगा दोन दिवस खिडकीपुढे उभा राहिला, मला नजर वर करवेना.

तेव्हापासून चित्रावरून डोळा ठरवायचा नाही, हा माझा नियम. लिहिलेला शब्द हवा. इथले डॉक्टर उजव्याला आरई, डाव्याला एलई, दोन्हींना बीई लिहितात. अमेरिकन फायलीत ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. निदान, तपासणी, स्कॅन आणि ऑपरेशनची संमती या चारही ठिकाणी एकच डोळा आहे का ते बोट ठेवून बघा. एका ठिकाणी जरी वेगळा निघाला तरी कोड लावू नका, आधी विचारा.

तिसरी पायरी: रक्त आलं कशामुळे

इथे वेळ घालवा. मोठ्यांमध्ये व्हिट्रियस हेमरेजची नेहमीची कारणं तीन: डायबेटिसमुळे उगवलेल्या नव्या वाहिन्या, व्हिट्रियस मागून सुटताना रेटिनाला बसलेला ओढा किंवा पडलेली चीर, आणि मार. बाकीची नंतर येतात.

डायबेटिसपासून सुरू करू, कारण पोहे-जिलेबीच्या गावात ती फाइल रोज हातात येते. दुसऱ्या प्रकारचा डायबेटिस आणि प्रोलिफरेटिव्ह (नव्या वाहिन्या उगवलेली) रेटिनोपथी म्हणजे ई११.३५ चं घर. मॅक्युलाला, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाला, सूज असेल तर ई११.३५१, नसेल किंवा सुजेबद्दल काही लिहिलंच नसेल तर ई११.३५९. व्हिट्रियस रक्ताने भरलेलं असताना मॅक्युला दिसतच नाही, त्यामुळे सुजेचा उल्लेख नसणं नेहमीचं आहे. अनुक्रमणिका अशा वेळी ३५९ कडेच नेते. रेटिना ओढली जाऊन सुटली असेल आणि मॅक्युला त्यात असेल तर ३५२, नसेल तर ३५३. स्थिर झालेला आजार असं डॉक्टरने लिहिलं असेल तर ३५५. या सगळ्यांना सातवं अक्षर लागतं: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ माहीत नाही. हे सातवं अक्षर १ ऑक्टोबर २०१६ पासून आलं. जुन्या नोट्स घेऊन शिकणाऱ्यांच्या कोडमध्ये ते नसतं आणि क्लेम परत येतो.

आता गंमत बघा. आजार दोन्ही डोळ्यांना, रक्त एकाच. समजा डॉक्टरने लिहिलं: दुसऱ्या प्रकारचा डायबेटिस, इन्सुलिनवर, दोन्ही डोळ्यांना प्रोलिफरेटिव्ह रेटिनोपथी, डाव्या डोळ्यात व्हिट्रियस हेमरेज. कोड होतात ई११.३५९३, एच४३.१२ आणि इन्सुलिनसाठी झेड७९.४. गोळ्यांवर असता तर झेड७९.८४. मुलं घाईत एच४३.१३ टाकतात, कारण वरच्या ओळीत 'दोन्ही' वाचलेलं डोक्यात घोळत असतं. उजव्या डोळ्याच्या मॅक्युलाला सूज आहे आणि डाव्याच्या नाही असं असेल, तर एक 'दोन्ही'वाला कोड चालणार नाही. ई११.३५११ आणि ई११.३५९२ असे दोन लिहा.

खरी अडचण येते ती डॉक्टरने फक्त 'डायबेटिस' आणि 'व्हिट्रियस हेमरेज, डावा' एवढंच लिहिल्यावर. तुम्हालाही वाटतं, मलाही वाटतं, की रक्त डायबेटिसमुळेच आलं असणार. पण नियम काय म्हणतो? डायबेटिसखाली 'सह' या शब्दापुढे जे आजार नावाने दिलेत, रेटिनोपथी वगैरे, त्यांचा डायबेटिसशी संबंध डॉक्टरने स्पष्ट लिहिला नसला तरी पुस्तक गृहीत धरतं. व्हिट्रियस हेमरेज त्या यादीत नावाने नाही, म्हणून संबंध गृहीत धरता येत नाही. डॉक्टरने 'डायबेटिसमुळे' लिहिलं तर ई११.३९ आधी आणि एच४३.१२ नंतर. नाही लिहिलं तर विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत एच४३.१२ आणि ई११.९ वेगवेगळे.

यात कागदी काटेकोरपणापेक्षा जास्त काही आहे. आपल्याकडे आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची मुदत असते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार ती जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी दोन वर्षांची आहे, रेटिना चिरून रक्त आलंय, आणि कोडरने अंदाजाने 'डायबेटिसमुळे' असा कोड चिकटवला. आता पेशंटने भांडायचं कोणाशी? उलट डॉक्टरने डायबेटिसचं कारण स्पष्ट लिहिलेलं असताना क्लेम सुटावा म्हणून तो कोड गाळला, तर ती लपवाछपवी. दोन्ही बाजूंनी दबाव येतो. नातेवाईक खिडकीशी येऊन "ताई, शुगरचं नका लिहू ना" म्हणतात. मी त्यांना कागद फिरवून डॉक्टरची ओळ दाखवते. जे लिहिलंय त्याचाच कोड निघतो, कमी नाही, जास्त नाही.

मूळ आयसीडी-१० मध्ये हीच जोडी खंजीर आणि तारा या खुणांनी दाखवतात. ई११.३ ला खंजीर, डायबेटिक रेटिनोपथीच्या एच३६.० ला तारा. दुसऱ्या आजारामुळे झालेल्या व्हिट्रियस हेमरेजसाठी एच४५.० हा ताऱ्याचा कोड आहे. ताऱ्याचा कोड कधी एकटा किंवा पहिला लिहायचा नाही. सीएममध्ये एच४५ हे घरच नाही, तिथे शोधत बसू नका.

दुसरं कारण, व्हिट्रियस सुटणं. साठीच्या आसपासची बाई, अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, मग काळ्या माश्या, मग जाळं. डॉक्टर लिहितात: डावा डोळा, व्हिट्रियस मागून सुटलं आहे, घोड्याच्या नालासारखी चीर, व्हिट्रियस हेमरेज, रेटिना सुटलेली नाही. चीर एच३३.३१२, रक्त एच४३.१२, सुटलेलं व्हिट्रियस एच४३.८१२. रेटिना सुटली असती तर चिरेचा हा कोड जाऊन एच३३.० चं घर आलं असतं. 'सुटलं' हा शब्द व्हिट्रियसलाही लागतो आणि रेटिनालाही, म्हणून वाक्य शेवटपर्यंत वाचा.

पंचविशीतला मुलगा, डायबेटिस नाही, मार नाही, आणि व्हिट्रियसमध्ये पुन्हापुन्हा रक्त. अमेरिकन पुस्तकावर शिकलेली मुलं इथे गडबडतात, पण आपल्याकडच्या रेटिना ओपीडीत एक नाव ऐकू येतंच: ईल्स डिसीज. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स या डॉक्टरने १८८० मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. अनुक्रमणिका त्याला रेटिनल व्हॅस्क्युलायटिसच्या (रेटिनाच्या वाहिन्यांचा दाह) घरात पाठवते: उजवा एच३५.०६१, सोबत एच४३.११. फायलीत टीबीच्या चाचण्या लावलेल्या असतात, कारण दोघांचा संबंध डॉक्टर तपासून बघतात. चाचणी सांगितली म्हणजे टीबी झाला असं नव्हे. टीबीचा कोड लावू नका.

मार लागलेली केस आमच्या गावात वर्षातून दोनदा गर्दीने येते, दिवाळीला आणि रंगपंचमीला. राजवाड्याकडून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, रंग उडतो, आणि कुठल्यातरी गल्लीत गच्चीवरून पाण्याचा फुगा थेट डोळ्यावर बसतो. बारा वर्षांचा मुलगा, डाव्या डोळ्यात हायफिमा. एच२१.०२ नाही, हे वर सांगितलंच. एस०५.१२एक्सए. कारणाचा कोड मागितला असेल तर फेकलेली वस्तू लागली यासाठी डब्ल्यू२०.८एक्सएक्सए. व्हिट्रियसमध्येही रक्त आहे असं डॉक्टरने लिहिलं असेल तर सोबत एच४३.१२. मधला एक्स नुसता जागा भरायला असतो. तो विसरलात तर शेवटचं अक्षर सहाव्या जागी जाऊन बसतं आणि सॉफ्टवेअर कोड नाकारतं.

शेवटच्या 'ए' बद्दल एक गैरसमज घरोघरी आहे, की तो पहिल्या भेटीचा असतो. तो भेटीचा नाही, उपचाराचा आहे. इजेवर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत तोवर ए, मग ती चौथी भेट का असेना. बरं होण्याच्या काळातली तपासणी डी. मागे राहिलेल्या परिणामासाठी एस.

रेटिनाच्या शिरा तुंबणं, वयोमानाने मॅक्युलाखाली उगवलेल्या वाहिन्या, मेंदूभोवती रक्तस्राव होऊन डोळ्यातही रक्त येणं म्हणजे टर्सन सिंड्रोम, ही कारणंही भेटतील. पद्धत तीच: मूळ आजाराचा कोड, डोळ्याची बाजू, आणि एच४३.१ जोडीला. ऑपरेशननंतर रक्त आलं असेल तर मात्र सावध. एच५९.३१ हा ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावाचा कोड आहे, पण ऑपरेशननंतर घडलं म्हणजे ऑपरेशनमुळे घडलं असं नव्हे. गुंतागुंत आहे हे डॉक्टरने लिहिलेलं हवं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचंही तसंच. गोळी चालू आहे म्हणून झेड७९.०१ लिहा. गोळीमुळेच रक्त आलं असं डॉक्टर म्हणत असेल तरच दुष्परिणामाचे कोड.

लघुरूपं, म्हणजे खड्डे

व्हीएच म्हणजे व्हिट्रियस हेमरेज, असं वाटतं ना? डोळ्याच्या फायलीत व्हीएच म्हणजे व्हॅन हेरिकही असतं, डोळ्याच्या पुढच्या खोलीतला, कॉर्निया आणि आयरिसमधला कोन (अँगल) किती उघडा आहे ते बघायची पद्धत. 'व्हीएच ग्रेड ३' वाचून मी एकदा काचबिंदूच्या पेशंटला व्हिट्रियस हेमरेज देऊन टाकलं होतं. सीनियर मॅडमनी फाइल परत ढकलली आणि फक्त म्हणाल्या, "वरची ओळ वाच." वरची ओळ अँगलची होती.

एससीएच म्हणजे कंजंक्टायव्हाखालचं रक्त, आणि एससीएच म्हणजे सुप्राकोरॉइडल, कोरॉइडच्या बाहेरच्या बाजूला साठलेलं रक्तही. एक ओसरीवरचा डाग, दुसरी डोळा जाऊ शकेल अशी घटना. ऑपरेशनच्या नोटमध्ये आलं की दुसरा अर्थ मनात धरून पूर्ण शब्द शोधा. पीव्हीडी डोळ्याच्या डॉक्टरसाठी व्हिट्रियस सुटणं, फिजिशियनसाठी पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार. डायबेटिसच्या पेशंटला दोन्ही असू शकतात, म्हणून नोट कोणाची आहे ते आधी बघा.

शंका आली की

'संभाव्य', 'बहुधा', 'नाकारण्यासाठी तपासणी' असं लिहिलेलं निदान ओपीडीत कोड करत नाहीत. तिथे जे पक्कं आहे तेच लिहायचं, म्हणजे व्हिट्रियस हेमरेज पक्कं असेल तर तेवढंच, निदानच पक्कं नसेल तर लक्षण. अमेरिकेतल्या भरती पेशंटच्या डिस्चार्जला हाच शब्द असेल तर तो असल्यासारखा कोड करतात. दोन नियम, दोन ठिकाणं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

डॉक्टरला विचारताना उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. "सर, हे डायबेटिसमुळेच ना?" हा प्रश्न नाही, सूचना आहे. मी असं लिहिते: "१२ तारखेच्या नोटमध्ये डाव्या डोळ्यात व्हिट्रियस हेमरेज आणि दुसऱ्या प्रकारचा डायबेटिस नोंदला आहे. रक्तस्रावाचं कारण ठरवता येत असल्यास कृपया नोंदवावं: डायबेटिसशी संबंधित, रेटिनाची चीर, शीर तुंबणे, मार, इतर, किंवा सध्या ठरवता येत नाही." शेवटचा पर्याय ठेवायलाच हवा. डॉक्टरलाही कधी खरंच माहीत नसतं, कारण रक्तामागे रेटिना दिसत नसते. रात्रपाळीत हा कागद थेट डॉक्टरकडे जात नाही, क्लायंटच्या रांगेत जातो आणि उत्तर दोन-तीन दिवसांनी येतं. तोवर फाइल होल्डवर. टार्गेट भरायचं म्हणून होल्ड सोडवू नका.

एक फाइल, तीन कोड

शेवटी एक उदाहरण, कारण हे पुस्तकात असं सलग भेटत नाही. नावगाव बदललेलं, पण घटनाक्रम रोजचा.

पहिली भेट. साठ वर्षांचे गृहस्थ, ब्लडप्रेशर आहे, डायबेटिस नाही. डाव्या डोळ्यासमोर सकाळी उठल्यापासून लाल-काळं धुकं. नोट: डावा डोळा, व्हिट्रियस हेमरेज, फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) दिसत नाही, बी-स्कॅनमध्ये रेटिना जागेवर, कारण स्पष्ट नाही. कोड एच४३.१२ आणि ब्लडप्रेशरचा आय१०. फक्त एवढंच. शीर तुंबली असावी असा अंदाज डॉक्टरने तोंडी सांगितला असला तरी तोंडी बोललेलं कोडमध्ये येत नाही.

मग वाट बघणं. रक्त आपोआप विरतं का ते बघण्यासाठी डॉक्टर काही आठवडे थांबतात, मध्ये स्कॅन करत राहतात. या भेटींचा कोड तोच राहतो. 'तोच कोड तीनदा कसा' म्हणून काहीजण गडबडतात आणि बदल म्हणून रेटिनल हेमरेज टाकतात. आजार बदलला नाही तर कोड कशाला बदलायचा?

रक्त विरलं नाही, व्हिट्रेक्टमी, म्हणजे व्हिट्रियस काढण्याचं ऑपरेशन, ठरली. अमेरिकन बिलात शस्त्रक्रियेचा कोड वेगळ्या पुस्तकातून, साधी पार्स प्लाना व्हिट्रेक्टमी असेल तर ६७०३६, आत चारही बाजूंनी लेझर दिला असेल तर ६७०४०. आत गेल्यावर सर्जनला दिसलं की शिरेची फांदी तुंबलीय आणि तिथे नव्या वाहिन्या उगवल्यात. ऑपरेशनपूर्व निदान: व्हिट्रियस हेमरेज. ऑपरेशनोत्तर निदान: डावा डोळा, शिरेची फांदी तुंबणे, नव्या वाहिन्या, व्हिट्रियस हेमरेज. दोन निदानं वेगळी असतील तर ऑपरेशनोत्तर निदान धरायचं, कारण ते जास्त पक्कं. म्हणून एच३४.८३२१ आणि एच४३.१२. शेवटचा १ म्हणजे नव्या वाहिन्या. फक्त मॅक्युलाची सूज असती तर ०, स्थिर असती तर २.

मुलं आता विचारतात, "ताई, मग पहिल्या भेटीचा क्लेम दुरुस्त करायचा का?" नाही. त्या दिवशी रक्तामागे काही दिसत नव्हतं, आणि त्या दिवशीचा एच४३.१२ त्या दिवशी बरोबरच होता.